रूट कॅनाल झालं, दुखणं थांबलं. आता दाढ टिकवायची कशी?

माझ्या वडिलांच्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल मीच केलं होतं. काम चांगलं झालेलं. एक्स-रेत मुळांतल्या तिन्ही नळ्या टोकापर्यंत नीट भरलेल्या दिसत होत्या. दाढेची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू किडीने खाल्लेल्या, म्हणून वर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, भरलं आणि म्हणाले, "आप्पा, पंधरा दिवसांत कॅप बसवून घेऊ." आप्पांचं उत्तर ठरलेलं होतं: "आता दुकत न्हाई की. ऊस जाऊ दे, मग बघू."

ऊस गेला, बिल आलं, पाऊस लागला. मीही नेट लावला नाही. घरचाच पेशंट, कधीही करू. मग गावच्या जत्रेत मटणाची नळी फोडताना कट्ट असा आवाज आला. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसवून, आरसा धरून मी प्रोबचं, म्हणजे दात तपासायच्या बारीक हत्याराचं, टोक दाढेच्या मधोमध टेकवलं. भुईमुगाची शेंग शिवणीवर उकलावी तशी दाढ उकलली. दोन्ही भाग वेगवेगळे हलत होते. चीर थेट तळातून मुळांच्या मधे उतरलेली. अशी दाढ कुठल्याच सिमेंटने सांधत नाही. काढावी लागली.

पस्तीस मिनिटांत काढलेल्या त्या दाढेत रूट कॅनाल अजूनही उत्तम होतं. म्हणून हा लेख लिहिताना मी सुरुवातीलाच सांगून टाकते: रूट कॅनाल हे निम्मं काम. दाढ दहा-वीस वर्षं टिकणार की दोन, हे बहुतेक वेळा मुळांच्या आत काय भरलं यापेक्षा वर किती दाढ उरली आणि तिच्यावर काय, कधी बसवलं यावर ठरतं. आमच्या कोल्हापूरकडे लोक दुखणं थांबलं की दवाखान्याचा रस्ता विसरतात. दाढा तिथेच जातात.

ठिसूळपणाचं भूत

"नस काढली की दाढ वाळक्या काटकीसारखी होते," असं पेशंट सांगतात, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरही सांगतात. १९९२ साली याची नीट तपासणी झाली होती. एकाच माणसाच्या जबड्यातले डावी-उजवीकडचे जोडीचे दात घेतले, एक रूट कॅनाल झालेला आणि दुसरा जिवंत. अशा २३ जोड्या. जिवंत दाताचं डेंटिन, म्हणजे चकचकीत आवरणाखालचा पिवळसर भाग, अवघं ३.५ टक्के जास्त कठीण निघालं. मोडण्याच्या ताकदीत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. तेव्हा दाढ 'वाळते' म्हणून मोडते, हे काही खरं नाही.

मोडते ती पोखरल्यामुळे. १९८९ सालचा एक प्रयोग आम्हा दंतवैद्यांना तोंडपाठ असतो. काढलेल्या उपदाढांवर, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्या मधल्या दातांवर, वेगवेगळे खड्डे करून त्यांचा ताठपणा मोजला गेला. नुसतं रूट कॅनालसाठी वरून भोक पाडलं तर ताठपणा ५ टक्क्यांनी कमी झाला. चावायच्या पृष्ठभागावर साधा खड्डा केला तर २० टक्क्यांनी. आणि पुढून मागे आरपार खड्डा केला, तर ६३ टक्क्यांनी.

हा ५ वरून ६३ वर जाणारा आकडा कुठून येतो, ते स्वतःच्या तोंडातच समजेल. जीभ वरच्या किंवा खालच्या दाढेवर फिरवा. पुढच्या आणि मागच्या टोकाला, शेजारच्या दाताला टेकतो तिथे, एकेक उंच कड लागेल. शेताच्या बांधासारखी. हे दोन बांध दाढेच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या भिंतींना एकत्र धरून ठेवतात. एक बांध फुटला तरी दुसरा थोडंफार धरून ठेवतो. दोन्ही फुटले की दोन्ही भिंती एकट्या पडतात आणि प्रत्येक घासाला किंचित बाहेर वाकतात. दिवसाला शेकडो वेळा. आप्पांच्या दाढेचं तेच झालं होतं. जत्रेची नळी हे निमित्त, दाढ त्याआधी कित्येक महिने उकलत होती.

आणखी एक गोष्ट. जिवंत दाढेत चीर पडू लागली तर चावताना कळ येते आणि माणूस आपोआप त्या बाजूने चावायचं सोडतो. नस काढलेल्या दाढेत ही पहिली हाक ऐकू येत नाही. मुळाभोवतीच्या तंतूंना दाब कळतो, पण त्यांना जाग येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून "दुखत न्हाई की" हे वाक्य रूट कॅनालनंतर काहीच सिद्ध करत नाही.

सुरू करण्याआधी: हिरडीच्या वर किती उरलंय?

हा प्रश्न रूट कॅनाल झाल्यावर विचारून उपयोग नाही. आधी विचारा. डॉक्टरांनी जुनं भरण आणि सगळी कीड काढल्यावर हिरडीच्या वर चारही बाजूंनी खणखणीत दाढ किती शिल्लक राहते, ते बघायचं. आम्हाला हवी असते किमान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची आणि साधारण एक मिलिमीटर जाडीची भिंत. याला आम्ही 'फेरूल' म्हणतो.

शब्द नवा असला तरी वस्तू ओळखीची आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोहार तापवून लोखंडी धाव चढवायचा. धाव लाकडाला चहूबाजूंनी आवळून धरते, म्हणून चाक दगडधोंड्यांतून जाऊनही उकलत नाही. खुरप्याच्या मुठीला पात्याजवळ कडी असते, तीही याच कामाची. कॅपची कड जेव्हा खऱ्या दाढेला असं कवटाळते तेव्हा चावण्याचा जोर सगळ्या दाढेवर वाटला जातो. कॅप नुसत्या सिमेंटच्या ढिगाऱ्यावर बसली, खाली पकडायला दाढच नसली, तर जोर थेट मुळावर पाचरीसारखा येतो. मग कधी कॅप सिमेंटसकट उपटून हातात येते, कधी मूळ उभं फुटतं. पहिलं परवडलं.

फेरूल मिळत नसेल तर दोन रस्ते असतात. हिरडी आणि थोडं हाड कमी करून दाढ उघडी करायची, किंवा पुढचा एका मुळाचा दात असेल तर तार लावून तो हळूहळू वर ओढून घ्यायचा. दोन्हीला वेळ आणि पैसा लागतो, आणि हाड फार कमी करावं लागत असेल तर शेजारच्या दातांचं नुकसान होतं. कधी कधी प्रामाणिक उत्तर "ही दाढ काढा" हेच असतं. ते उत्तर ऐकायला कडू लागतं, पण रूट कॅनाल, पोस्ट (म्हणजे मुळात बसवायची खुंटी), कॅप एवढा खर्च करून वर्षभरात तीच दाढ काढण्यापेक्षा बरं.

त्याच बैठकीत सगळा खर्च एकत्र विचारून घ्या: रूट कॅनाल, वरचं भरण, लागली तर पोस्ट, आणि कॅप. सुटा सुटा आकडा ऐकला की कॅपच्या वेळी खिसा रिकामा असतो आणि मग 'ऊस जाऊ दे' सुरू होतं. पैशाची अडचण असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. आमच्याकडच्या न्यू पारगावच्या कॉलेजासारख्या डेंटल कॉलेजात खर्च कमी येतो; खेपा मात्र जास्त होतात.

काम चालू असताना

इथे पेशंटच्या हातात फार नसतं, तरी तीन गोष्टी बोलता येतात.

पहिली, रबर डॅम. दाताभोवती ताणून बसवायचा हा रबराचा पडदा काही नवा नाही; १८६४ साली अमेरिकेत तो पहिल्यांदा वापरला गेला. त्याने थुंकी नळीत जात नाही आणि औषध घशात जात नाही. पहिल्यांदा गुदमरल्यासारखं वाटतं, पाच मिनिटांत सवय होते. डॉक्टर लावत असतील तर कुरकुर करू नका, लावत नसतील तर विचारा.

दुसरी, भोक किती मोठं करायचं. नळ्या दिसल्या पाहिजेत, पण दाढेच्या गळ्यापाशी, म्हणजे हिरडीच्या आसपास जो डेंटिनचा कठडा असतो, तो जितका वाचेल तितका वाचवायचा. दाढेची खरी ताकद त्या दोन-चार मिलिमीटरच्या पट्ट्यात आहे. तो एकदा गेला की परत येत नाही. "डॉक्टर, दाढ जास्तीत जास्त ठेवा" एवढं म्हटलं तरी पुरे. चांगल्या डॉक्टरला ते ऐकून बरंच वाटतं.

तिसरी, चाव. ज्या दाढेच्या भिंती पातळ झाल्यात तिला कॅप बसेपर्यंत समोरच्या दाढेचा पूर्ण मार लागू नये म्हणून उंचवटे थोडे घासून ठेवतात. नाहीतरी ती कॅपखाली जाणारच असते.

पांढरं तात्पुरतं सिमेंट

दोन खेपांच्या मधे जे पांढरं, चुन्यासारखं सिमेंट भरतात ते दार लावण्यापुरतं असतं. कुलूप नव्हे. ते थुंकीतल्या ओलाव्याने घट्ट होतं, म्हणून भरल्यावर तासभर त्या बाजूने काही खाऊ नका. नीट काम करायला त्याची जाडी साडेतीन-चार मिलिमीटर तरी लागते आणि आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. जिभेला खड्डा लागला, तुकडा निघाला, की त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका.

कारण थुंकी. थुंकीतले जंतू भरलेल्या नळीच्या बाजूने आत उतरत जातात. नळीचं भरण तीन महिने किंवा जास्त काळ तोंडात उघडं राहिलं असेल तर वर कॅप चढवण्याआधी रूट कॅनाल नव्याने करणं शहाणपणाचं मानलं जातं. लग्नसराईत गेलेले, सुगीत गेलेले पेशंट चार महिन्यांनी येऊन "फक्त कॅप लावा" म्हणतात, तेव्हा आम्ही का कुरकुरतो ते यावरून ध्यानात येईल. कॅपखाली जंतू कोंडून ठेवायचे आणि दोन वर्षांनी मुळाशी पू झाला की कॅप फोडायची, यात कोणाचाच फायदा नाही.

कायमचं भरण, आणि पोस्ट नावाची खुंटी

शक्य असेल तर नळ्या भरल्या त्याच बैठकीत, रबर डॅम लावलेला असतानाच, वर कायमचं भरण करून घ्यावं. आपल्याकडे त्याला सरसकट 'सिमेंट' म्हणतात, पण बहुतेक वेळा ते दाताला चिकटणारं कंपोझिट असतं. कॅप बसायला जो गाभा लागतो तो याचा.

आता पोस्ट. "डॉक्टर, पोस्ट टाका म्हणजे दात मजबूत होईल," असं म्हणणारे पेशंट आठवड्याला एक तरी येतात. पोस्टने दात मजबूत होत नाही. पोस्ट ही खुंटी आहे. वरचं भरण लटकवायला भिंतच उरली नसेल तर मुळात खुंटी ठोकायची आणि तिच्यावर भरण बांधायचं. खुंटीसाठी मूळ आणखी कोरावं लागतं, म्हणजे दाढ थोडी कमजोरच होते. दाढेला नसेची पोकळी मोठी असते, भरण तिथेच घट्ट बसतं. बहुतेक दाढांना पोस्ट लागतच नाही. पुढचे दात आणि उपदाढा निम्म्याहून जास्त गेल्या असतील तेव्हा लागते.

लागलीच तर काय बघायचं? मुळाच्या टोकाशी गटापर्चाचं, म्हणजे नळीत भरतात त्या रबरासारख्या पदार्थाचं, भरण चार-पाच मिलिमीटर शिल्लक ठेवायचं, त्याला हात लावायचा नाही. पोस्टची लांबी निदान वर येणाऱ्या कॅपच्या उंचीइतकी, जाडी मुळाच्या एक-तृतीयांशाच्या आत. आणि फायबर पोस्ट बरी. तिचा लवचिकपणा डेंटिनच्या जवळपास असतो. स्टीलची पोस्ट डेंटिनपेक्षा सुमारे दहापट ताठ. जोर आला की फायबरची पोस्ट बहुधा सुटून येते, मूळ शाबूत राहतं, काम पुन्हा करता येतं. ताठ धातूची पोस्ट मात्र मूळच फाडू शकते. आटे असलेली स्क्रूसारखी पोस्ट तर मी वापरतच नाही. मुळात स्क्रू पिळताना ऐकू येणारी ती करकर मला सहन होत नाही.

कॅप लागतेच का?

सगळ्यांना नाही. हे मुद्दाम सांगते, कारण कॅपचा धंदाही होतो.

पुढचा पटाशीचा दात किंवा सुळा असेल, कीड थोडी असेल, रूट कॅनालचं भोक मागून असेल आणि बाकी दात धड असेल, तर कंपोझिटने भोक बुजवा आणि विषय संपवा. कॅपसाठी घासलं तर उलट दात पातळ होईल. असा दात आतून काळपट पडला तर तो आतून ब्लीच करून उजळता येतो.

दाढा आणि उपदाढांचं गणित निराळं, कारण त्यांच्यावर खरा भार. बांध किती उरलेत ते बघा. दोन्ही बांध शाबूत, फक्त वरून भोक, समोर कवळी किंवा काहीच नाही, अशी दाढ नुसत्या कंपोझिटवर चालवता येते. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी बघावी. एक बांध गेला असेल तर विचार करावा लागतो. दोन्ही गेले असतील तर विचार करायचा नाही, उंचवटे झाकायचेच. वरच्या उपदाढांच्या बाबतीत मी जास्तच कडक आहे. त्यांचे दोन उंचवटे उंच, मधली घळ खोल आणि मुळं बारीक, त्यामुळे त्या उभ्या चिरतात.

थायलंडमधला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. कॅपशिवाय ठेवलेल्या रूट कॅनालच्या दाढांपैकी एका वर्षानंतर ९६ टक्के, दोन वर्षांनंतर ८८ टक्के आणि पाच वर्षांनंतर ३६ टक्के धड होत्या. पहिली दोन वर्षं बघा. आप्पांसारखा माणूस दोन वर्षं मिशीला पीळ देत फिरतो, "बघ, कॅप न्हाई तरी कुठं काय झालं?" आणि कोसळतं ते पुढच्या तीन वर्षांत. पण त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही सांगायला हवी: ज्या दाढांचा बहुतेक भाग शाबूत होता, त्यांतल्या ७८ टक्के कॅपशिवायही पाच वर्षं टिकल्या. पुन्हा तेच, किती उरलंय.

अमेरिकेत विम्याच्या नोंदींवरून १४ लाखांहून जास्त दातांचा आठ वर्षांचा हिशेब २००४ साली मांडला गेला. ९७ टक्के दात तोंडात टिकले होते. जे काढावे लागले, त्यांतल्या ८५ टक्क्यांवर पूर्ण कॅप नव्हती. अर्थात अशा आकड्यांकडे थोडं सावधपणे बघावं. मुळात चांगल्या उरलेल्या दाढेवरच डॉक्टर कॅप बसवतात आणि कॅप बसवणारा माणूस दातांची काळजीही जास्त घेतो. सगळं श्रेय कॅपचं नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे.

आणि 'कधी' हेही तितकंच महत्त्वाचं. २०१६ सालच्या एका अभ्यासात, ज्यांनी रूट कॅनालनंतर चार महिने उलटल्यावर कॅप बसवली त्यांचे दात काढावे लागण्याचं प्रमाण वेळेत बसवणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. मी पेशंटला दोन ते चार आठवडे सांगते. दुखणं, सूज, पू काही नाही ना, एवढी खात्री करायला तेवढे दिवस पुरतात.

पूर्ण कॅप हा एकच मार्ग नाही, हेही लक्षात असू द्या. गालाकडची भिंत जाड आणि धड असेल तर चारही बाजू घासण्याऐवजी फक्त वरचे उंचवटे कमी करून त्यांच्यावर झाकण चिकटवता येतं, त्याला ऑनले म्हणतात. गळ्याजवळची दाढ वाचते. काम मात्र हातोटीचं आहे, कोरडेपणा हवा, आणि किंमत कॅपपेक्षा कमी असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

कुठली कॅप घ्यावी

या प्रश्नावर पेशंट जितका वेळ घालवतात त्याच्या निम्मा वेळ मागच्या प्रश्नांवर घालवला तर फार बरं होईल.

थोडक्यात सांगते. शेवटची, हसताना न दिसणारी दाढ आणि दाढेची उंची कमी, तर धातूची कॅप उत्तम. तिला घासावं सगळ्यात कमी लागतं. आतून धातू आणि वरून सिरॅमिक अशी कॅप बरीच वर्षं चालत आली आहे, पण वरचा सिरॅमिकचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडीपाशी काळसर रेघ दिसते. झिर्कोनिया, म्हणजे फार कठीण सिरॅमिकची कॅप, भक्कम, रंगाने दातासारखी. तिची एकच अट: चाव जुळवताना घासली तर पुन्हा आरशासारखी पॉलिश झाली पाहिजे, नाहीतर खरखरीत झिर्कोनिया समोरची दाढ कानशीसारखी झिजवते.

झिर्कोनियाबरोबर वॉरंटी कार्ड मिळतं. ते जपून ठेवा, पण त्यावर काय लिहिलंय तेही वाचा. वॉरंटी कॅपची असते, दाढेची नसते. पंधरा वर्षांच्या वॉरंटीची कॅप आणि तिच्या आत कुजलेली दाढ, अशी जोडी मी काढून ट्रेमध्ये ठेवलेली आहे. कॅपला ओरखडाही नव्हता.

कॅप बसवायच्या दिवशी घाई करू नका

त्या दिवशी लोक दुकान उघडं टाकून आलेले असतात. दुचाकी रस्त्यात लावलेली असते. तरी अर्धा तास हातात ठेवा, आणि सिमेंट लावण्याआधी या गोष्टी होऊ द्या.

कॅप नुसतीच बसवून डॉक्टर बारीक टोकाचं हत्यार कडेने फिरवतात. कॅप संपते आणि दाढ सुरू होते तिथे टोक अडकता कामा नये. अडकलं म्हणजे तिथे फट किंवा पायरी आहे. त्या फटीत अन्न बसेल आणि नस नसल्यामुळे कीड लागलेली तुम्हाला कळणारही नाही. कॅपखालच्या दाढा जातात त्या बहुतेक अशा, गाजावाजा न करता. कड बसत नसेल तर कॅप लॅबला परत गेली पाहिजे, गरज पडली तर माप पुन्हा घ्यायचं. तुम्हाला आणखी एक खेप पडेल, पडू द्या.

मग शेजारच्या दातांमधून दोरा, म्हणजे फ्लॉस, घालून बघायचा. तो टचकन आवाज करून आत जायला हवा आणि न फाटता बाहेर यायला हवा. सहज सरकला तर फट आहे. प्रत्येक जेवणात मटणाचा धागा किंवा मेथीची काडी तिथे अडकणार.

शेवटी निळा कागद. दातांत कागद धरून टक-टक चावायचं, मग दात उजवी-डावीकडे सरकवायचे. कॅपवर गडद ठिपका एकाच जागी उठला तर कॅप उंच आहे. इथे तुमचंच मत महत्त्वाचं. भूल दिलेली नसेल तर दाढा मिटल्यावर 'आधी ही लागते' असं जरा जरी वाटलं, तर सांगा. "होईल सवय" हे उत्तर स्वीकारू नका. केसाच्या जाडीएवढी उंची रात्रंदिवस हातोडीसारखी आदळते.

बसवल्यावर, तांबड्या रश्श्याच्या गावात

कॅप बसल्यावर पहिला प्रश्न: "मटण खायचं का नाही?" खा. ती दाढ चावण्यासाठीच वाचवली आहे. रस्सा, भाकरी, मटणाचे तुकडे, भडंग, सगळं खा. नळी फोडायला मात्र दाढ वापरू नका. ताटावर आपटा, चोखा, तेवढ्यात मजा कमी होत नाही. उसाचं कांडं दाताने सोलणं बंद, करवे करून खा. सुपारी बंद, आणि हे मी नुसतं कॅपसाठी म्हणत नाही. कडक चिक्की, बाटलीचं झाकण, दोरा तोडणं हे सांगायला नको. पहिले चोवीस तास त्या बाजूने जरा मऊ खा, सिमेंट पुरतं घट्ट होऊ द्या.

घासायचं कुठे? कॅपला कीड लागत नाही, तिच्या कडेला लागते. म्हणून ब्रशचे केस हिरडी आणि कॅप मिळतात त्या रेषेवर तिरपे टेकवून हळू फिरवा. फ्लोराइड असलेली पेस्ट. दोन दातांमधल्या जागेसाठी बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मिळतो, तो रोज रात्री. मिश्रीने दात घासणाऱ्या आमच्याकडच्या मावश्यांना मी हात जोडून सांगते, मिश्री सोडा. तंबाखूने हिरडी आणि हाड खाली जातं, आणि हाडच गेलं तर सोन्याची कॅप असली तरी दाढ हलणारच.

रात्री दात खाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. सकाळी जबडा आखडतो, बायको किंवा नवरा करकर ऐकल्याची तक्रार करतो, समोरचे दात सपाट झालेत, असं असेल तर नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण, करून घ्या. झोपेत चावण्यावर आपला ताबा नसतो आणि जोर जेवतानापेक्षाही जास्त लागू शकतो. कॅपच्या खर्चात हा खर्च जोडूनच धरा.

न दुखणाऱ्या दाढेवर नजर कशी ठेवायची

सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने एक छोटा एक्स-रे काढा. आधी मुळाशी काळी सावली असेल तर ती वर्षभरात लहान झालेली दिसायला हवी. पूर्ण भरून यायला काहींना चार वर्षंही लागतात. तोवर दुखत नसेल तर उगाच छेडायचं नाही.

मधल्या काळात हे दिसलं तर तारखेची वाट बघू नका: हिरडीवर येऊन-जाऊन फुटणारी पुटकुळी, एका ठरावीक जागी चावलं तरच येणारी कळ, कॅपच्या आसपास घाण वास, किंवा कॅप किंचित हलल्याचा भास. पुटकुळी हिरडीच्या अगदी काठाशी असेल आणि तिथेच एका अरुंद जागी हत्यार खोल आत जात असेल, तर मला मूळ उभं चिरल्याचा संशय येतो. एका मुळाच्या दातात हे निघालं तर दात काढण्यावाचून उपाय नसतो. दोन-तीन मुळांच्या दाढेत कधी कधी फक्त चिरलेलं मूळ काढून बाकीची दाढ काही वर्षं वापरता येते.

कॅप निघून आली तर

घाबरू नका आणि घरी चिकटवू नका. फेविक्विकने चिकटवलेल्या कॅप मी काढल्या आहेत. कॅपबरोबर दाढेचा तुकडाही येतो. निघालेली कॅप धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका, उघड्या दाढेवर ब्रश हळू फिरवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत या. कॅपच्या आत काय आहे ते बघूनच आम्हाला पुढचं कळतं. आत नुसतं कोरडं सिमेंट असेल तर तीच कॅप पुन्हा बसते. आत तपकिरी, मऊ, वासाचं काही असेल तर कीड आहे. आणि सिमेंटसकट दाढेचा वरचा भागच आत अडकून आला असेल, तर फेरूल नव्हतं हे उशिरा कळलं म्हणायचं. मग पुन्हा हिरडीच्या वर किती उरलंय तिथून सुरुवात.

गेल्या उन्हाळ्यात शिरोळकडचे एक आजोबा कॅप घेऊन आले, ती चुन्याच्या डबीत. "बारकी हाय, हरवंल म्हणून ठेवली," म्हणाले. धुतली, आत बघितलं. सिमेंट कोरडं, दाढ खणखणीत, कड चारही बाजूंनी शाबूत. एक्स-रे काढला, तोही स्वच्छ. अर्ध्या तासात तीच कॅप परत बसली. डबी मात्र मी परत दिली नाही.